पाच जुनी पुस्तकं आणि माझा खोडरबर

मराठ्यांच्या इतिहासाची जुनी पुस्तकं अख्ख्या बेंगळुरात माझ्याएवढी कुणाकडे नसतील. त्यातलं पुरतं वाचून झालेलं एकच आहे, आणि ते बारकं होतं, मधे चित्रं होती.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. पाचवीच्या वर्गाचं छप्पर गळायचं म्हणून जायचं थांबलो. छप्पर दुरुस्त झाल्याचं मला कुणी कळवलं नाही. तेव्हापासून चिकपेटेत साड्यांच्या होलसेल दुकानात आहे. काम काय, तर घड्या घालणं. गिऱ्हाईक गादीवर बसतं, साड्यांचा ढीग उलगडायला लावतं आणि "घरच्यांना घेऊन येतो" म्हणून उठतं. मग तो ढीग परत असा घडी करून ठेवायचा, की कुणी हात लावलाय हे पुढच्या गिऱ्हाइकाला कळू नये. हे काम मला फार चांगलं येतं. दुसरं काहीच येत नाही असं बायको म्हणते. तिनं मला भात शिजवताना, खिळा ठोकताना आणि भावाच्या वरातीत नाचताना बघितलंय, त्यामुळे तिचं म्हणणं खोडता येत नाही.

देवनागरी मी लग्नपत्रिकांवरनं शिकलो. म्हणून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' इथपर्यंत मी धडाधड वाचतो, अडतो त्याच्या पुढं.

मग इतिहासाचं खूळ कुठनं आलं? तेही लग्नातच. आमच्या नात्यातलं लग्न होतं, पंगतीत शेजारी पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला पोरगा बसला. मला म्हणाला, काका, तुम्ही इकडे कधी आलात? मी म्हटलं, साडेनवाच्या बसनं. तो हसला. म्हणाला, तसं नाही, तुमचं घराणं. मग आमच्यात सगळे सांगतात तेच मी सांगितलं, की आमचा मूळ पुरुष सरदार होता, फौजेबरोबर खाली उतरला आणि इथंच राहिला. त्यानं विचारलं, कुणाच्या फौजेत? मी वाढप्याला हाक मारून भातावर सारू मागवलं. दोनदा मागवलं. पोरगं तरी माझ्याकडं बघतच होतं.

घरी येताना बसमधे डोक्यात तेच. आमच्या लोकांत कुणालाही विचारा, पूर्वज सरदार. सगळेच सरदार, तर घोड्यांना दाणापाणी कोण करत होतं? त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत अव्हेन्यू रोडवर गेलो. जुन्या पुस्तकांचा एक दुकानदार आहे, त्याच्याकडं मराठी पुस्तकं कोपऱ्यात धूळ खात पडलेली. मी उचलायला लागल्यावर त्याला देव भेटल्यासारखं झालं. आता माल आला की फोन करतो, "अण्णा, निम्म भाषेदु बंदिदे," म्हणजे तुमच्या भाषेतलं आलंय. जोडीला सांगतो की लवकर न्या, जागा अडतीय.

पुस्तक आणलं की आधी मी ते साफ करायचो. हात सवयीचे. कोपरे दुमडलेले असले तर सरळ करायचे, वर पातळ फडकं टाकून इस्त्री फिरवायची, रेशमाला लावतो तेवढीच गरम. पेन्सिलीच्या रेघोट्या असल्या तर खोडरबर. आमच्या धंद्यात साडीवर डाग दिसला की त्याचा आकार कसा आहे हे बघत नाहीत, आधी काढतात. बायको विचारायची, "वाचणार कधी? का नुसती पुस्तकांची लाँड्री काढलीय?"

साफ झालं की आत नाव-पत्ता आहे का बघायचो, असला तर रविवारी त्या माणसाला शोधायला जायचो. वाटायचं, ज्यानं हे पुस्तक वाचलंय तो मला आत काय आहे ते सांगेल, मग मला वाचायला नको. एकदा बनशंकरीत असा एक पत्ता सापडला. तीन गल्ल्या चुकून पोचलो. त्या गृहस्थांनी पुस्तक बघितलं, मला बघितलं, म्हणाले, "मोठ्या मुश्किलीनं टाकलं होतं हो ते." आणि आतनं आणखी दोन आणून माझ्या हातात दिली.

तर असं चाललं होतं. तीन महिन्यांपूर्वी दुकानदाराचा फोन आला. एकाच घरातली पाच जाडी पुस्तकं, सुतळीनं बांधलेली, इतिहासाचे पाच भाग. बघितलं तर प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीनं बारीक बारीक लिहिलेलं, आणि तेही कन्नड अक्षरात. मराठी पुस्तक, कन्नड अक्षर. मी म्हटलं, कुणीतरी कन्नड माणूस मराठी शिकत असेल, अर्थ लिहिले असतील. बसलो खोडायला. पहिला भाग एका रविवारी, दुसरा दुसऱ्या रविवारी. खोडून वर इस्त्री. काय दिसत होती सांगू, जणू आज छापलीत. शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

तिसऱ्या रविवारी तिसरा भाग उघडला. खोडरबर झिजून चण्याएवढा झालेला, आमच्या मुलीच्या जुन्या दप्तरात दुसरा मिळतो का बघायला बायकोला सांगून मी बसून होतो. हात रिकामा, म्हणून एक ओळ मोठ्यानं वाचली. कन्नड अक्षरं मला चौथीपर्यंतची का होईना, पक्की येतात. वाचलं, "इथं आपले लोक असणार. तंबू शिवायला."

आतनं बायकोनं विचारलं, "कोण असणार?"

मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय. ती म्हणाली, मराठीत आहे की. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते कन्नड नव्हतंच. मराठीच होतं, कन्नड अक्षरात लिहिलेलं. आणि यात नवल काही नाही हो! आमच्या जुन्या घरांतनं सगळे असंच लिहितात. शाळा कन्नड, बोलणं मराठी, मग कागदावर दोघांचं लग्न लागतं. मी स्वतः किराण्याची यादी जन्मभर अशीच लिहीत आलोय. स्वतःची यादी वाचता येते, आणि दुसऱ्याची बघून मला वाटलं कन्नड माणूस!

पुढची पानं वाचली. फौज नदी ओलांडते त्या पानावर समासात होतं, "आजी सांगायची, तुंगभद्रा ओलांडताना एक पोर गाडीतच जन्मलं. त्याचे आपण." आणखी एके ठिकाणी, "या साली दुष्काळ. आपल्यातला एक विहीर खणायला लागला, तिथंच राहिला." छापलेल्या इतिहासाच्या बाजूनं कुणीतरी आपल्या घराचा इतिहास लिहीत गेलं होतं. पाच भाग भरून. त्यातले दोन मी खोडले होते.

बायको हातात नवा खोडरबर घेऊन उभी होती. तिनं तो परत दप्तरात टाकला. 

दुसऱ्या दिवशी दुकानात पोचल्या पोचल्या दोन्ही भाग खिडकीशी नेले. साडीत विणीचा दोष आहे का बघताना आम्ही कापड उन्हात तिरपं धरतो, तसं पान धरलं. पेन्सिल दाबून लिहिलं की कागदावर वळ राहतो, तो तिरप्या उजेडात दिसतो. हे मला माहीत होतं, मी खूश झालो. पण वळ कुठले राहणार, इस्त्री फिरवली होती ना. इतकी सफाईनं फिरवली होती, की दोन पुस्तकांतनं मला मिळून अकरा शब्द सापडले. त्यातले तीन 'आणि' होते.

आता ती माणसं शोधायलाच पाहिजेत. चौथ्या भागात खुणेला एक जुनं दुधाचं कार्ड घातलेलं होतं, येलहंकाच्या बूथचं. रविवारी पाचही पुस्तकं पिशवीत घालून मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरनं बस धरली. बूथ अजून होता. बूथवाल्याला कार्ड दाखवलं, मराठी बोलणारं जुनं घर म्हटलं. त्यानं लगेच सांगितलं, घर पाडलं, ते लोक समोरच्या फ्लॅटमधे राहतात, दुसरा मजला.

दार साधारण पन्नाशीच्या बाईनं उघडलं. मी पिशवीतनं तिसरा भाग काढून दाखवला. तिनं पुस्तक बघितलं आणि चटकन बाहेर येऊन दार मागं ओढून घेतलं.

"अण्णा, हळू बोला," म्हणाली. "अप्पा आत आहेत."

जिन्यात उभं राहून तिनं सगळं सांगितलं. पुस्तकं तिच्या वडिलांची. घर बदलताना गोणीभर कागद रद्दीवाल्याला दिले, त्यात ही पाचही गेली. तिलाच चार दिवसांनी कळलं. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून तिनं सांगून टाकलं की पुस्तकं आत्याकडं ठेवलीत. आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं पुढच्या आठवड्यात. ते झालं की महिनाभरानं नवा चष्मा मिळणार. आणि अप्पा रोज म्हणत होते, चष्मा आला की पहिलं माझी पुस्तकं. तिनं रद्दीवाल्याकडं चार खेपा घातल्या होत्या. अप्पांना काय सांगायचं या विचारानं तिचं जेवण कमी झालं होतं.

"आणि तुम्ही आणलीत," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

आता इथं खरं बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण तिनं मला आत नेलं, कॉफी दिली, चकली दिली. अप्पा खुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते. कोण आलंय विचारल्यावर ती म्हणाली, आत्याकडनं पुस्तकं घेऊन आलेत. मी तीन भाग त्यांच्या मांडीवर ठेवले. राहिलेले दोन माझ्या पिशवीतच होते, पायाशी. मी म्हटलं, दोन बाइंडिंगला दिलीत. चकली खात खात म्हटलं. आत्तापर्यंत त्या घरात एकजण खोटं बोलत होतं, आता दोघं झालो.

म्हाताऱ्यानं पुस्तकावरनं हात फिरवला. म्हणाले, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. "घाई नाही."

घरी बायकोला सांगितलं, तर तिनं विचारलं, चकल्या किती खाल्ल्यास? मी म्हटलं, चार. ती म्हणाली, "चार चकल्यांत विकलास स्वतःला." पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर आली. बसमधे तिनं मला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसली, मी मधेच कुठं उतरू नये म्हणून.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. अप्पांनी तोच काळा चष्मा लावलेला. मी बसलो नाही. उभं राहूनच दोन्ही पुस्तकं त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, अप्पा, ही पहिली दोन बाइंडिंगला नव्हती. माझ्याकडंच होती. यातलं तुमचं लिहिलेलं सगळं मी खोडलं.

अप्पांची मुलगी खुर्चीमागनं पुढं आली.

अप्पांनी विचारलं, "सगळं?"

"सगळं. वर इस्त्री पण केली."

त्यांनी पान उघडून समासावरनं बोट फिरवलं. वरनं खाली, परत वर. कितीतरी वेळ. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि खरं सांगतो, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काम चोख केलंस," ते म्हणाले. "कुठं शिकलास?"

मी म्हटलं, चिकपेटेत. मग त्यांनी मान मुलीकडं वळवली. "आणि तुझी आत्या. तिच्याशी मी आठवड्यातनं दोनदा फोनवर बोलतो. तिच्याकडं पुस्तकं कुठली, तिच्याकडं माणसाला बसायला जागा नाही."

मुलगी खालीच बसली. म्हणाली, अप्पा, तुम्हाला माहीत होतं?

"पहिल्या दिवसापासनं. तू इतकं मनापासनं सांगत होतीस, मधे कशाला बोलू?" म्हणाले. मग माझ्या बायकोनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी कॉफी करायच्या निमित्तानं आत गेल्या. आत कोण रडत होतं आणि कोण हसत होतं ते मला कळलं नाही.

अप्पा माझ्याशी बोलायला लागले. पहिले दोन भाग त्यांनी तरुणपणी भरले होते, लग्नाच्या आधी. "पहिल्या भागात आमच्या मूळ पुरुषाला मी पाचशे घोडे दिले होते. दुसऱ्यात हत्ती. तिसऱ्यापर्यंत लग्न झालं, पोरी झाल्या, अक्कल आली. मग चौकशी केली, तर तो तंबू शिवत होता." हसले स्वतःच. "तू घोडे खोडलेस ते बरं केलंस."

मी मोकळा श्वास घ्यायला लागलो होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "पण मधनंमधनं आजीच्या गोष्टी होत्या. त्या खऱ्या होत्या."

मग त्यांनी दोन्ही पुस्तकं मांडीवर एकावर एक रचून ठेवली.  रस्त्यावरनं भाजीवाला ओरडत गेला. 

शेवटी म्हणाले, "डॉक्टर म्हणतो महिनाभर वाचायचं-लिहायचं नाही. बोलू नको म्हणाला नाही. तुला आपली अक्षरं येतात ना?"

मी म्हटलं, किराण्याची यादी लिहितो.

"मग रविवारी ये. मी सांगतो, तू लिही. घोडे वगळून."

तसं सुरू झालं. दर रविवारी येलहंका. मी पानाच्या पहिल्या दोन ओळी अडखळत वाचतो आणि कोऱ्या समासाशी पेन घेऊन बसतो, अप्पा डोळे मिटून सांगतात. खापरपणजीनं सासरी येताना बैलगाडीतनं तुळस आणली, ती वाटेत वाळली, पण मंजिऱ्या तिनं पदराला बांधून ठेवल्या होत्या. हौद बांधताना एकाची बोटं गेली, तरी तो जन्मभर तंबूच शिवत राहिला, तीन बोटांनी. असलं. मला एका समासात तीन ओळी बसत नाहीत, शब्द छापलेल्या मजकुरावर चढतात. एका पानावर आमची तुळस त्यांच्या तहात घुसलीय.

पहिल्या दोन रविवारी मुलगी आत-बाहेर करत होती. तिसऱ्या रविवारी बसली. चौथ्या रविवारी अप्पांनी एक गोष्ट सांगितल्यावर म्हणाली, तसं नाही, आत्या वेगळं सांगते. तिथनं दोघांचं भांडण लागलं, आत्याला फोन लावला, आत्यानं तिसरंच सांगितलं. मी तिन्ही लिहिली. मुलगी आता माझ्या आधी तयार असते, मी उशिरा पोचलो तर फोन करून विचारते, कुठपर्यंत आलात अण्णा. माझी बायको डबा करून देते, आणि गोष्टीत काय काय आलं ते मला घरी येऊन तिला सांगावं लागतं, नाहीतर जेवायला मिळत नाही.

एका पानाचं काही केल्या अप्पांना आठवेना. दुसऱ्या भागात, मधेच कुठंतरी. इथं काहीतरी होतं, म्हणाले, आजीच्या भावाचं. खूप वेळ कपाळावर बोट ठेवून बसले. नाही आलं. तो समास आम्ही कोरा ठेवलाय. मला ते पान आलं की घाईनं उलटायची सवय लागलीय.

मागच्या रविवारी नवा चष्मा आला. आम्ही गेलो तेव्हा अप्पा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून खिडकीशी बसले होते. आम्हा सगळ्यांना त्यांनी आधी बघून घेतलं. मला म्हणाले, तू आवाजावरनं उंच वाटत होतास. मग म्हणाले, आण. मी पहिला भाग त्यांच्या हातात दिला. मुलगी खुर्चीच्या मागं उभी, बायको दाराशी. मी मुद्दाम पुढं बसलो होतो, कौतुक नीट ऐकू यावं म्हणून.

त्यांनी पान उलटलं. दुसरं उलटलं. पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं, उन्हात तिरपं धरलं. एका ओळीवर हसले, ती बहुतेक तुळशीची होती. मग चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि परत बघितलं.

म्हणाले, "तुझ्या लिहिण्यापेक्षा तुझं खोडणं चांगलं होतं."